वाचक विचारतात : मागे चिकटणारा स्वार

प्रश्न : यवतेश्वर घाटात मागे कोणी चिकटले की माझा वळणाचा अंदाज चुकतो. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींतील स्वार हे मुद्दाम करतात का? – एक वाचक, सातारा

उत्तर : होय. पुढच्याने घाईत ब्रेक उशिरा लावून वळणाबाहेर जावे, हा त्यामागचा हिशेब असतो. मात्र फार वेळ चिकटल्यास पुढच्या गाडीमागच्या गरम हवेने स्वतःच्याच पुढच्या टायरमधील दाब वाढून पकड सुटू लागते. दडपण पुढे राहूनही आणता येते, आणि आम्हाला तेच अधिक अवघड वाटते. 2008 मध्ये अमेरिकेतील लगुना सेका या शर्यतमार्गावर केसी स्टोनरची डुकाटी मोटारसायकल अधिक वेगवान असूनही व्हॅलेंटिनो रॉसीने ‘कॉर्कस्क्रू’ या तीव्र उताराच्या वळणावर, गाडी कडेच्या मातीत उतरली तरी न कचरता, त्याला मागे टाकले आणि पुढे त्याची वाट वारंवार अडवली. अखेर स्टोनर एका फेरीच्या शेवटच्या वळणावर खडीत गेला, पडला, उठून दुसरा आला.