केसपेपरवर दोन वयं लिही

सप्रेम नमस्कार,

समुपदेशनाच्या केसपेपरवर वयाचा रकाना एकच असतो. तू तिथे दोन आकडे लिहीत जा: आजचं वय आणि मनावर आघात झाला तेव्हाचं. नवऱ्याचा आवाज चढला की पंचेचाळिशीची बाई जागच्या जागी थिजते, तेव्हा कदाचित तिच्यातली सहा वर्षांची मुलगी थिजलेली असते. दुसरा आकडा नसला तर महिनोन्महिने नवरा-बायकोच्या भांडणावरच बोलणं होत राहतं.

तीन-चार वर्षांचं मूल झालेलं सांगत नाही, खेळून दाखवतं. अपघात पाहिलेलं मूल गाडीवर गाडी आपटतं, पुन्हा पुन्हा तेच, आणि चेहऱ्यावर मजा नसते. एरवी खेळातली गोष्ट पुढे सरकते, इथे ती आपटण्यापाशीच अडकते. खेळ थांबवू नकोस. शेजारी जमिनीवर बस, थोडा वेळ नुसतं पाहा, मग खेळण्यातली रुग्णवाहिका हळूच पुढे सरकव आणि विचार, "आता मदतीला कोण येईल?" मुलाने ती ढकलून दिली तर रेटू नकोस. याच वयात बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, येत असलेलं बोलणं मागे पडतं. घरचे त्याला हट्ट समजून रागावतात, आणि मूल आणखी बिथरतं. लहानग्यांची लक्षणं अशी निराळी, म्हणूनच डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये ६ वर्षं व त्याखालच्या मुलांसाठी पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचे, निकष वेगळे केले.

शाळकरी मुलांचं पोट दुखतं, लक्ष उडतं, आणि घाईत एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचा, शिक्का बसतो. "हे कधीपासून?" एवढा प्रश्न आधी विचार. "मी रागावलो म्हणून बाबा गेले" ही समजूत मूल आपण होऊन बोलत नाही. "काही मुलांना वाटतं, आपल्यामुळेच झालं" असं म्हणून वाट तुलाच करून द्यावी लागते.

किशोरवयात बेदरकारपणा, नशा, स्वतःच्याच हातावर वार. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

प्रौढांच्या बाबतीत घाई नडते. पहिल्या महिन्यात दचकणं, दुःस्वप्नं, झोप उडणं बहुतेकांना होतं. लक्षणं महिन्याच्या वर टिकली तरच पीटीएसडीचं निदान. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची जुनी पद्धत तर सोडूनच दे, त्याने काहींचा त्रास वाढतो. आधी सुरक्षित जागा, झोप, जेवण आणि हक्काचं माणूस.

म्हातारपणाकडे आपल्या क्षेत्राचं लक्ष फार कमी. चाळीस वर्षं कामाखाली दडपलेलं निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर वर येतं. स्मृतिभ्रंशात नवं आधी पुसलं जातं, जुनं मागे राहतं. म्हणून अंघोळीसाठी कपडे उतरवताना जुना अत्याचारच पुन्हा होतोय असं वाटून एखाद्या आजी किंचाळतात, मारतात. काळजी घेणाऱ्यांना शिकव: समोरून यायचं, हात लावण्याआधी सांगायचं, धुवायचा भाग सोडून बाकी अंग टॉवेलने झाकलेलं ठेवायचं. मात्र गोंधळ दोन-चार तासांत किंवा एका दिवसात अचानक वाढला असेल तर आधी डॉक्टरकडे पाठव. संसर्ग किंवा एखादं औषधही असंच दिसतं.