फायबरची सळई काँक्रीटला धरते, पण लोखंडासारखी नाही

गुहागरला समुद्राजवळ घर बांधताय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय गंज नको तर बीममध्ये १६ मिमीच्या लोखंडी सळईच्या जागी १६ ची काचेच्या फायबरची टाकू, लॅपही (दोन सळया जोडताना एकमेकींना लागून ठेवायची लांबी) तेवढाच ठेवू, असं तुम्ही लिहिलंय. गंज लागत नाही हे खरंच आहे, पण लॅप तेवढाच हे मला अजिबात पटलं नाही.

लोखंडी सळईवर ओढ आली की तिच्या रिब (अंगावरचे उंचवटे) काँक्रीटला रेटतात, काँक्रीट चुरडतं पण रिब शाबूत राहते. फायबरमध्ये आतले धागे जबरदस्त असतात पण वरची रिब नाहीतर वाळूचा थर असतो नुसत्या रेझिनच्या (धागे चिकटवणाऱ्या राळेच्या) भरवशावर, त्यामुळे आधी तोच सोलला जातो. लॅबमध्ये सळई ओढून काढल्यावर मी काँक्रीटचे ठोकळे फोडून बघितलेत, लोखंडाच्या रिबपुढे काँक्रीटची भुकटी दाबून बसलेली असते आणि फायबरवाल्यात वाळू काँक्रीटलाच चिकटलेली, सळई मात्र खरवडल्यासारखी पांढरट. म्हणून काँक्रीट एम २५ चं एम ४० केलं, म्हणजे जास्त मजबूत घेतलं, तरी लोखंडाएवढी पकड वाढत नाही.

एम २५ मध्ये ५०० ग्रेडच्या लोखंडाला आयएस ४५६ ने (काँक्रीटचा भारतीय कोड) पूर्ण पकड मिळायला व्यासाच्या साधारण ४९ पट लांबी लागते, म्हणजे १६ ला पाऊण मीटरच्या वर. हा आकडा फायबरला लावायचाच नाही. एसीआय ४४० चा (फायबर सळईचे अमेरिकन नियम) हिशोब वेगळा आहे, आणि बीमच्या वरच्या सळयांखाली ३०० मिमीपेक्षा जास्त काँक्रीट असेल तर लांबी थेट दीडपट धरतात. शिवाय ताठपणा लोखंडाच्या जेमतेम पाव, त्यामुळे बीम जास्त झुकतो, तडे रुंद पडतात, आणि ही सळई लोखंडासारखी आधी ताणून इशारा देत नाही, एकदम तुटते.

आणि साइटवर एक गोष्ट हमखास होते, सळई काँक्रीटपेक्षा हलकी असल्याने व्हायब्रेटर घातला की वर तरंगते आणि कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) बिघडतं, म्हणून ती खाली घट्ट बांधून ठेवावी लागते. रिंगा (सळयांना वेढणाऱ्या कड्या) तर फॅक्टरीतूनच वाकवून आणायच्या, साइटवर वाकत नाहीत, आणि वाकलेल्या जागी ताकद निम्म्याच्या आसपास येते.

अंगणातल्या काँक्रीटला खुशाल वापरा. बीममध्ये मात्र तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने फायबरचं डिझाइन नव्याने करून दिल्याशिवाय एकही सळई बदलू देऊ नका. डिझाइन झालंच तर ऑर्डरआधी एक तुकडा मागवून वाळू नखाने खरवडून बघा, सुटत असेल तर तो माल घेऊच नका.