ताईत, गंडा की नुसता मणी?

प्रश्न असा आलाय की इजिप्तच्या ममींसोबत जी अम्युलेट्स, म्हणजे संरक्षणासाठी अंगावर घालायच्या वस्तू, सापडतात त्यांना मराठीत सरसकट ताईत म्हणलं तर चालेल का.

माझं मत, सरसकट नको. ताईत म्हटलं की आपल्याला पोकळ नळी किंवा डबी दिसते, आत मंत्राचा कागद. तशी वस्तू इजिप्तमध्ये होती, पण बऱ्याच उशिरा, 21-22व्या राजवंशाच्या सुमारास, म्हणजे साधारण इ.स.पू. अकरावं ते आठवं शतक. पपायरसच्या लांबलचक चिंचोळ्या पट्टीवर देवाचा कौल लिहायचा की या पोराला साप-विंचवापासून, रोगापासून मी सांभाळीन, आणि गुंडाळी करून नळीत घालून गळ्यात अडकवायची. तिथे ताईत हाच शब्द, डोळे झाकून.

पण गरिबाघरी परवडणारी वस्तू म्हणजे लिननची चिंधी नाहीतर दोरा, त्यावर मंत्र म्हणत गाठी मारायच्या, बऱ्याचदा सात. हा सरळ सरळ आपला गंडा! आणि मला आवडलेली गंमत म्हणजे 'गाठ' आणि 'वचन' या दोन्हींसाठी प्राचीन इजिप्शियन शब्द सारखाच आहे, साधारण 'त्चेस' असा उच्चारतात, म्हणजे बोललेलं गाठीत बांधून टाकणं त्यांच्या भाषेतच होतं. (मराठीत मात्र 'गंडा घातला' म्हटलं की अर्थ भलतीकडे जातो, तेवढं वाक्य जपून लिहा.)

आता उरले ते निळे-हिरवे भुंगेरे, डोळे, बेडूक. यांच्या आत काही नसतं, आकार आणि रंग हेच संरक्षण, म्हणून मी मणी म्हणेन, लहान मुलांच्या मनगटात दृष्टमणी असतात त्या अर्थाने. यातले ढीगभर फायन्सचे आहेत आणि त्याला 'चिनी माती' अजिबात लिहू नका, कारण त्यात माती जवळपास नसतेच, गारगोटीची किंवा वाळूची पूड, थोडा चुना, खार आणि रंगासाठी तांबं, भाजलं की वर काचेसारखा थर येतो. फायन्स हे नावही उसनंच, इटलीतल्या फाएन्झा गावच्या भांड्यांवरून आलेलं. इजिप्शियन लोक त्याला 'त्चेहेनेत' म्हणायचे, म्हणजे चकाकणारं. नीलमण्यासारखा दिसणारा लाजवर्द थेट अफगाणिस्तानातून यायचा, तो कुणाला परवडणार, मग भट्टीतून काढलेली ही निळाई. मृतांच्या ग्रंथात, म्हणजे मेलेल्यांसोबत ठेवायच्या मंत्रांच्या संग्रहात, इसिसची गाठ (इसिस देवीच्या नावाचा गाठीच्या आकाराचा मणी) लाल जास्पर दगडाची हवी असं सांगितलंय, तरी प्रत्यक्षात लाल काचेच्या आणि फायन्सच्याही सापडतात.

लेबलवर एकच शब्द बसवायचा असेल तर 'रक्षामणी' लिहा, नळी असेल तरच ताईत.