कॉलेजच्या वार्तापत्रात 'प्राध्यापक-कर्मचारी वार्ता' या पानावर नेमकं काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या एका कला-विज्ञान महाविद्यालयात नुकतेच लागला आहात, प्राचार्यांनी 'प्राध्यापक-कर्मचारी वार्ता' हे पान तुमच्याकडे दिलंय, आणि त्यात कोणाचं काय घ्यावं, मराठीत लिहावं की कन्नडमध्ये, हे कळत नाहीये. मी याच गावात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि नऊ वर्षं हे पान माझ्याकडे होतं. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

पीएच.डी. मिळाली, पेपर छापून आला, कोणी असिस्टंटचे असोसिएट प्रोफेसर झाले, या बातम्या तुमच्याकडे आपोआप येतील. ज्याची त्याला घाई असते. त्या दोन-दोन ओळींत उरका. बढतीत एवढंच बघा की आदेश निघाल्याची तारीख वेगळी आणि बढती लागू झाल्याची वेगळी असते, कधी कधी मध्ये दोन-तीन वर्षं जातात. दोन्ही लिहा. वेबिनारला हजेरी लावल्याच्या बातम्या सरळ बाजूला काढा. 2020 साली लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे त्या एवढ्या आल्या की पान त्यांनीच भरलं असतं. ती सर्टिफिकिटं आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, फाईलला लागतात आणि एक्यूएआर या वार्षिक अहवालातून नॅककडे, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेकडे, जातात. वार्तापत्राचा वाचक नॅक नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि त्यावरूनच माझं एकदा जोरात वाजलं होतं.

आमच्या लॅबला एक अटेंडर होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. जांबोटीकडचे, शिक्षण सातवी. मी नोकरीला लागले तेव्हा कॉलेज धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होतं, प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे. आता बेळगावचं जे राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे ते 2010 चं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. परीक्षेच्या आदल्या दिवशी मामा सायकलवरून वडगाव, येळ्ळूरच्या शेतांकडे जायचे आणि संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून परीक्षेला लागणारी सगळी झाडं आणायचे. एकही चुकीचं नसायचं. लॅटिन नावं त्यांना वाचता यायची नाहीत, पण ऐकून पाठ होती.

आमचं हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह, त्यांनीच उभं केलं. पावसाळ्यात कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला धो धो पाऊस. दाबून ठेवलेल्या झाडांचे कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी धरते. मामा जुन्या 'तरुण भारत'ची रद्दी जमवायचे, ती चुलीवर शेकून कोरडी करायचे आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन कागद बदलून जायचे. कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडचं पाणी द्यायचं, ते जहाल विष, तेही चिमट्याने तेच द्यायचे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती कधी येते, सीतेची आसवं कुठल्या कातळावर दाट फुलतात, कारवी या खेपेला कुठल्या डोंगरावर येणार, हे आम्ही त्यांना विचारायचो. "बाई, औंदा लवकर चला की, पंधरा दिवसांत सगळं जाईल," असं म्हणाले की सहल ठरायची. आणि शीटच्या, म्हणजे झाड चिकटवलेल्या कागदाच्या, कोपऱ्यातल्या लेबलवर 'गोळा करणार' या रकान्यात नाव कोणाचं? आम्हा प्राध्यापकांचं. माझंसुद्धा.

2016 मध्ये मामा निवृत्त झाले. मी पानासाठी चार ओळी लिहिल्या, मराठीत, आणि त्यांना आधीच सांगून बसले की तुमचं छापून येणार आहे. अंक निघाला तेव्हा ते मुद्दाम गावाहून आले आणि ऑफिसातून तीन प्रती घेतल्या. एक घरी, एक लेकीकडे, एक गावच्या शाळेला. लॅबमध्ये उभ्याने पानं चाळली. परत पहिल्यापासून चाळली. मग म्हणाले, "पुढच्या अंकात असंल, बाई." प्रती मात्र त्यांनी परत केल्या नाहीत, पिशवीत घालून घेऊन गेले.

ओळी संपादक असलेल्या सरांनी काढल्या होत्या. कारणं दोन दिली: अंक इंग्रजी-कन्नड आहे, आणि अटेंडरच्या निवृत्तीचा नॅकला काही उपयोग नाही. त्याच अंकात शाल-श्रीफळाचे पाच फोटो होते. हे सर मराठीच होते, हे मुद्दाम लिहिते, कारण सीमाभागातली गोष्ट म्हटली की लोक लगेच वेगळाच अर्थ लावतात. माझ्या बाजूने स्टाफ मीटिंगमध्ये उभे राहिले ते बैलहोंगलकडचे फिजिक्सचे कन्नड सर. ते म्हणाले, "मस्टरवर ज्याची सही आहे, त्याचं नाव या पानावर यायलाच पाहिजे. आणि मामांच्या घरी कन्नड कोण वाचणार? मराठीतच छापा." संपादक सरांना उत्तर देता आलं नाही. आज ते हे वाचत असतील तर त्यांना सांगते, मी अजून तिथेच उभी आहे. तुमचं चुकलं होतं.

तेव्हा भाषेचं उत्तर हे: ज्याची बातमी, त्याच्या घरात जी भाषा वाचली जाते त्या भाषेत. एकाच पानावर कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी आली तर काही बिघडत नाही. आमच्याकडे पुढची चार वर्षं तसंच चाललं. मॅनेजमेंटची परवानगी मात्र आधी लेखी घ्या. ती न घेता लढायला गेलात तर प्रोबेशनवरच्या माणसाला जड जाईल, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

कोणाचं घ्यावं, तर ज्यांचं नाव दुसरीकडे कुठेच येत नाही त्यांचं आधी. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते हे बेळगावात कोणीही सांगेल, त्याला वार्तापत्र लागत नाही. ऑफिसमधले कोणी एसडीएचे एफडीए, म्हणजे द्वितीय श्रेणीचे प्रथम श्रेणी कारकून झाले, तर त्या घरात तो सण असतो. ते छापा. लायब्ररीत पुस्तकं बांधणारा, वॉचमन, दरवर्षी नव्याने ऑर्डर मिळणारे अतिथी प्राध्यापक, यांना धरा. अतिथी प्राध्यापक पुढच्या वर्षी असतील की नाही कोणाला ठाऊक, म्हणून यंदाच लिहा. आणि 'प्रदीर्घ व निष्ठावंत सेवा' असलं काही लिहू नका. त्या माणसाने काय केलं ते लिहा. आजारपण, घरातलं दुःख, लग्न यांचं मात्र विचारल्याशिवाय एक अक्षरही नको.

मी आणखी एक केलं. हर्बेरियमच्या रिवाजाप्रमाणे जुनं लेबल खोडायचं नसतं, दुरुस्ती असेल तर शेजारी वेगळी चिठ्ठी चिकटवायची असते. मी दोन सुट्ट्या बसून मामांनी आणलेल्या प्रत्येक शीटवर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावली, दोनशेच्या वर झाल्या. कोणती शीट त्यांची ते मामांनाच बोलावून विचारलं. त्यांना प्रत्येक झाडाची जागा आठवत होती, काही वेळा तर त्या दिवशी पाऊस होता की नाही हेही.

चार ओळी पुढच्या वर्षीच्या अंकात आल्या, मराठीत, फोटोसकट. मी अंकाच्या तीन प्रती घेऊन जांबोटीला गेले. मामांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "बाई, 1984 छापलंय. मी 83 च्या जूनला लागलो की." मी आठवणीवर लिहिलं होतं. तिथेच पेनाने तिन्ही प्रतींवर आकडा दुरुस्त करून खाली सही केली. तुम्ही तसं करू नका. निवृत्तीची बातमी लिहायच्या आधी ऑफिसात जाऊन त्या माणसाचं सर्व्हिस रजिस्टर उघडून तारीख बघा, आणि मजकूर छापायला देण्याआधी एकदा त्यालाच वाचून दाखवा.