गोधडीसाठी ६२,००० चं मशीन घ्यावं का?

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आहे. घरी ब्लाऊज, फॉल-पिको करून त्यांना महिन्याला सगळा खर्च जाऊन ९,००० रुपये सुटतात. जुन्या साड्यांच्या गोधड्याही शिवून देतात, शिलाई १,२०० रुपये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरींनी फोटो पुण्या-नाशिकला नेले आणि तेव्हापासून चौकशीचे फोन सुरू आहेत. जळगावच्या एका दुकानात त्यांनी क्विल्टिंगचं, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवायचं, कॉम्प्युटराइज्ड मशीन पाहिलं, किंमत ६२,०००. दुकानदार म्हणतो, १७,००० भरा, उरलेल्या ४५,००० चे १८ हप्ते करू, १२ टक्क्यांनी. बँकेत ८०,००० ची एकच एफडी आहे, फेब्रुवारीत मुदत संपते. ती मोडावी की हप्ते घ्यावेत, हा प्रश्न. यजमान म्हणतात, जुनं मशीन विकून टाक.

ताई, हप्त्याचं आधी उरकून टाकतो. ते १२ टक्के फ्लॅट आहेत. मुद्दल दर महिन्याला फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ४५,००० वरच लागतं. म्हणजे व्याज ८,१०० आणि हप्ता २,९५०. बँक घटत्या शिल्लकीवर मोजते, त्या पद्धतीने हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. वर प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. हे कर्ज नको.

पण पैसे कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न. त्याआधी एका गोधडीमागे तुम्हाला काय उरतं ते बघू. १,२०० मधून अस्तर, दोरा, सुया, वीज यांचे ३५० वजा केले की ८५० राहतात. नव्या मशीनवर एक गोधडी दोन दिवसांत होईल असं तुम्ही लिहिता. त्या दोन दिवसांत ब्लाऊज होणार नाहीत. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर तुमचा दिवस ३५० रुपयांचा, म्हणजे ७०० तिथे बुडाले. हातात राहिले १५० रुपये. एवढ्यावर ६२,००० चं मशीन या जन्मात फिटायचं नाही!

आता दोन आकडे बदलून बघा. गोधडी एका दिवसात उरकली आणि शिलाई २,००० मिळाली, तर साधारण १,३०० उरतात. मशीनसोबत जोडटेबल, वॉकिंग फूट (सुईजवळ कापड दाबणारा खास पाय), विजेचा स्टॅबिलायझर मिळून आणखी ६,००० धरले, तर ६८,००० फिटायला ५३ गोधड्या लागतील. थंडीच्या दोन-तीन महिन्यांत मागणी जोरात आणि वैशाखातल्या उन्हात कोणी गोधडीचं नावही काढत नाही, हे धरलं तरी दोन-अडीच वर्षांत हे जमण्यासारखं आहे. तेव्हा सगळा निर्णय दोन गोष्टींवर येऊन ठेपतो: तुमचा हात किती लवकर बसतो, आणि फोन करणाऱ्यांतले किती जण २,००० मोजतात.

हात बसायला वेळ लागतो, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला मशीन येतंच, असं समजू नका. साध्या मशीनवर खालचे दाते फक्त खालचा थर ओढतात. मधला आणि वरचा थर मागे राहतो आणि गोधडीला चुण्या पडतात. वॉकिंग फूट वरचा थरही सोबत ओढतो, म्हणून सरळ ओळी नीट येतात. वेलबुट्टी काढायची असेल तर दाते खाली पाडायचे, कापड मोकळं फिरू देणारा डार्निंग फूट लावायचा आणि कापड दोन्ही हातांनी फिरवायचं. हात आणि मोटर यांचा वेग जुळेपर्यंत टाके कुठे लांब, कुठे बारीक येतात आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. वितभर अंतराने कच्चा टाका घालून मधोमध सुरुवात करायची, कडेकडे जायचं. सिंथेटिक साड्या सरकतात, जरीच्या काठावर सुई तुटते. सुरुवातीला निम्मा वेळ उसवण्यात जाईल. हे महिने तुमच्या खर्चाच्या यादीत कुठेच नाहीत, आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

म्हणून शिकणं आधी, मशीन नंतर. तुमच्या मशीनला मोटर आहेच. त्याला बसणारा वॉकिंग फूट आणा. फूट जिथे बसतो त्या दांडीची उंची सगळ्या मशीनची सारखी नसते, म्हणून मॉडेल दाखवूनच घ्या. मोठी गोधडी गुंडाळून त्या मशीनच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे सुईच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेतून, जाणार नाही. तिथेच तर नव्या मशीनचा खरा उपयोग आहे. पण बाळाची दुपटी सहज होतात. दिवाळीपर्यंत दुपटीच शिवा, प्रत्येकाला किती तास लागले ते वहीत लिहा आणि विकताना पूर्ण भाव सांगा. फोनवर "किती सुंदर" म्हणणारे खूप असतात. आगाऊ ५०० रुपये पाठवणारे किती, ते मोजा.

तास खाली आले आणि आगाऊ रक्कम येऊ लागली, तर पैशांची सोय अवघड नाही. कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात नोंदणी होते, पडताळणीनंतर काही दिवसांचं प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्क्यांनी. त्या दराने ४५,००० वर १८ महिन्यांत व्याज १,८०० च्या आसपास पडतं. मात्र घरातल्या एकालाच लाभ मिळतो आणि कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. आधीचं मुद्रा कर्ज पूर्ण फिटलेलं नसेल तरीही अडेल. नोंदणी आत्ताच करून ठेवा, मंजुरीला वेळ जातो.

ते जमलं नाही तर एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतात आणि ठेव शाबूत राहते. घरात दवाखान्यासाठी दुसरी रक्कम दिसत नाही, म्हणून ही एकच एफडी मशीनमध्ये घालायला माझा ठाम नकार आहे.

दुकानदाराला एक गोष्ट विचारायची राहिली असेल: सर्किट बोर्ड गेला तर दुरुस्ती जळगावातच होते की मशीन पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं? ऐन थंडीत मशीन तीन आठवडे बाहेर राहिलं तर मोसम गेलाच. उत्तर बिलावर लिहून घ्या.

आणि यजमानांना सांगा, जुनं मशीन विकायचं नाही. त्याचे चार-पाच हजार येतील, पण नवं बंद पडलं तर महिन्याचे ९,००० त्याच जुन्यावर निघणार आहेत.