वरच्या मजल्यावरचे घर: मोठा एसी घेण्याआधी गच्चीचा विचार करा

नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहताना मे महिन्यात एसी मध्यरात्रीपर्यंत चालूनही अंगाची तलखी जात नाही, तेव्हा दोन टनांचा एसी घ्यावा की छताखाली थर्माकोल लावून फॉल्स सीलिंग करावे, असे आपण विचारले आहे. मी काही उन्हाळे हेच सोसले आहे. माझ्या मते आधी गच्चीकडे पाहावे.

उन्हात गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर सहज जातो. काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता दिवसभर पोटात साठवतो आणि सूर्य मावळल्यावर तासन्‌तास खोलीत सोडत राहतो. एसी हवा थंड करतो, पण तापलेल्या छताची धग सरळ अंगावर येत असते, म्हणून आपण तापमान आणखी खाली आणतो आणि वीजबिल वाढते. फॉल्स सीलिंगमुळे ही धग कमी होते, हे खरे. परंतु स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि विजेच्या वायरिंगजवळ थर्माकोल मला तरी सुरक्षित वाटत नाही. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर असेल, तर स्लॅबच फारसा तापत नाही.

आमचे सर्वाधिक नुकसान गृहसंस्थेच्या कार्यालयामुळे झाले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम निघणार होते, म्हणून त्याच वेळी एक्सपीएस बोर्ड (घट्ट फोमचे उष्णतारोधक तक्ते) टाकण्याचा अर्ज मी दिला होता. तेव्हा बोर्डांचाच काय तो जादा खर्च आला असता. गच्ची सामाईक आहे, एवढेच तोंडी सांगून अर्ज अडवून ठेवला गेला, लेखी नकारही मिळाला नाही, आणि दरम्यान नवा कोबा व फरशी होऊन गेली. पुढे सर्वसाधारण सभेत ठराव झाला, पण तोवर त्या फरशीवरच बोर्ड आणि पुन्हा फरशी असे थर चढवावे लागले. गच्ची उंचावल्याने कठडा बुटका पडला आणि पावसाच्या पाइपांची तोंडेही बदलावी लागली. रहिवाशांचे आयुष्य ज्यावर अवलंबून आहे, त्या अर्जाला साधे उत्तरही न देणे मला आजही अन्यायाचे वाटते. आपण थेट सभेच्या विषयपत्रिकेतच हा विषय घालून घ्यावा.

मी अभियंता नाही, त्यामुळे वजनाबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरला अवश्य विचारावे. तरीही अंदाजासाठी सांगतो: उघड्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून किती उष्णता आरपार जाते याचे माप, साधारण ३.५ असतो, ५० मिलिमीटर एक्सपीएसने तो ०.५च्या आसपास येतो, आणि २०१८च्या ‘इको निवास संहिते’त (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्र सरकारची नियमावली) छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. यू-व्हॅल्यू जितका कमी, तितकी उष्णता कमी आत येते.

परवानगी मिळेपर्यंत गच्चीला पांढरा परावर्तक रंग लावावा. मात्र धुळीने त्याचा गुण उतरतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुऊन घ्यावी. आमच्याकडे आता एसी २६ अंशांवर ठेवूनही झोप लागते. नवा एसी घ्यायचाच असेल, तर तो गच्चीचे काम झाल्यावर घ्यावा, कारण तेव्हा कदाचित दीड टनही पुरेसा ठरेल.