मेलेल्या मुलानं प्रपोज कसं करायचं?

‘पावडर आणि पडदा’ : वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं

प्रश्न : मावशी, आम्ही कराडला एस. वाय.ला आहोत. चौघांनी मिळून पंचवीस मिनिटांची फिल्म करायची ठरवली आहे. गॅदरिंगच्या आदल्या रात्री हीरो झॉम्बी होतो, म्हणजे मरून पुन्हा उठतो आणि चालू लागतो, आणि हीरोइनला विचारायचं राहूनच गेलेलं असतं. वर्गणी काढून १८ हजार जमलेत. त्यातले १२ हजार रक्त आणि मेकअपसाठी बाजूला ठेवलेत. पण हीरोइनचं काम करणारी मैत्रीण म्हणते, सडलेल्या माणसावर कोण प्रेम करेल, लोक हसतील. हसायला तर हवेतच, पण नको तिथे नकोत. काय करावं?
— चौघांतर्फे एक, कराड

उत्तर : बाळा, आधी ते १२ हजार रक्ताच्या खात्यातून बाहेर काढ.

तीस वर्षं मी हौशी नाटकांना रंगभूषा केली. शिवाय आमच्या ह्यांची सांगलीत व्हिडिओ लायब्ररी होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी पंख्याखाली बसून जगातली सगळी भुताटकी पाहायची. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगते, झॉम्बी हे सिनेमातलं सगळ्यात स्वस्त भूत आहे. त्याला उडावं लागत नाही, वाड्याचा सेट लागत नाही, संवाद पाठ करावे लागत नाहीत. शेजारचा पोरगा, फाटका शर्ट आणि जरा वाकडी चाल, झालं काम. जॉर्ज रोमेरोनं १९६८ साली पिट्सबर्गच्या आसपास ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला तो साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये. चित्रपट कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चाललं. पैसे घालणाऱ्यांत एक खाटीक होता, आतडी-बितडी त्यानंच पुरवली. वर शेवटच्या क्षणी नाव बदलताना वितरकाकडून पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गळाली, आणि अमेरिकेत तो चित्रपट पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला, कोणीही फुकट दाखवावा असा. झॉम्बी इतका पसरला, त्यात त्या गळालेल्या ओळीचाही हात आहे.

त्याहून स्वस्त ऐक. ब्रिटनमध्ये मार्क प्राइस नावाच्या तरुणानं ‘कॉलिन’ केला, खर्च ४५ पौंड. तेव्हाच्या भावानं साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. मित्रमंडळी आणि इंटरनेटवरून जमलेले हौशी लोक स्वतः येऊन झॉम्बी झाले. पैसे गेले ते एका पहारीवर, एक-दोन कॅसेटींवर आणि या झॉम्बींच्या चहा-कॉफीवर, तीही साध्यातल्या साध्या. २००९ मध्ये तो सिनेमा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या बाजारात जाऊन आला. जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’ ३० लाख येनमध्ये झाला. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट. मायदेशात त्यानं ३०० कोटी येनच्या वर कमावले. म्हणजे तुमचे १८ हजार अगदीच थोडे नाहीत. चहाला मात्र कंजुषी नको. रात्री दोन वाजता फुकटात मेलेला माणूस उपाशी असेल तर तो घरी जातो, आणि एका शॉटचा पुढच्याशी मेळ, म्हणजे कंटिन्युइटी, बोंबलते.

आता तुझ्या मैत्रिणीचा मुद्दा. तो खरा आहे, आणि तुमचा सिनेमा त्याच्यावरच उभा राहणार आहे. सडलेल्यावर कोण प्रेम करेल, हा प्रश्न सोळा-सतरा वर्षांचं प्रत्येक पोर रोज सकाळी आरशाला विचारतं. मुरूम आलेत, घामाचा वास येतोय, आवाज फुटलाय, ती समोर आली की तोंडातून ‘अं… अं…’ यापलीकडे काही निघत नाही. आता मला सांग, यात आणि झॉम्बीत फरक काय? म्हणून ही जोडी जमते. ‘वॉर्म बॉडीज’ (२०१३) मधला मुलगा स्वतःचं नावसुद्धा विसरलाय, फक्त ‘आर’ एवढं आठवतं. बंद पडलेल्या विमानात राहतो, जुन्या तबकड्या जमवतो. मुलीचं नाव ज्युली, आणि मध्ये एक गच्चीचा प्रसंगही आहे, म्हणजे ही रोमिओ-ज्युलिएटचीच गोष्ट, ते समजलंच. तो स्वस्त सिनेमा नव्हे, साडेतीन कोटी डॉलर गेलेत. पण त्यातले चांगले प्रसंग बघ : दोन माणसं, एक विमान, एक रेकॉर्ड प्लेअर. हे तुमच्या आवाक्यातलं आहे. विमानाऐवजी आगारात पडलेली जुनी एसटी बघा, परवानगी काढून.

तुमच्या गोष्टीची सख्खी बहीणही आहे, बरं का. ‘माय बॉयफ्रेंड्स बॅक’ (१९९३). मुलगा मरता मरता मुलीकडून प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमाला, येण्याचं वचन घेतो आणि ते पुरं करायला थडग्यातून उठून येतो. आईवडील तक्रार न करता सांभाळून घेतात. गल्लाभर कमाई काही झाली नाही, आमच्याकडेही ती कॅसेट धूळ खात पडायची. मला आवडायची ती त्या आईसाठी. ‘लाइफ आफ्टर बेथ’ (२०१४) मध्ये उलटं, मुलगी परत येते. तिला आधी हळूहळू राग येऊ लागतो, मग भूक. त्यातले झॉम्बी मंद जॅझ लावलं की शांत होतात. असा एक खुळचट नियम तुम्हीही शोधा. तुमचा झॉम्बी कशानं गप्प होतो? गॅदरिंगला तिनं म्हटलेल्या गाण्यानं? मग ते गाणं तिच्याच आवाजात घ्या, सिनेमातलं उचलू नका, हक्कांचा घोळ होईल.

आणि एक बारीक गोष्ट, पण सगळा सिनेमा त्यात आहे. चावायला जाणारं तोंड आणि मुका घ्यायला जाणारं तोंड सुरुवातीला सारखंच दिसतं. मान थोडी कलते, डोळे अर्धे मिटतात. हा शॉट जवळून घ्या, सलग घ्या, आणि कापायची घाई करू नका. हॉल आधी गप्प होईल, मग हसेल. तुम्हाला हवं तिथेच हसेल.

आता मेकअप, माझं खातं. चेहरा पांढरा फटक करू नका, तो तमाशातला सोंगाड्या दिसतो. राखाडीत किंचित पिवळा मिसळा. डोळ्यांखाली काजळ नको, मरून रंग बोटानं चोपडा. काजळ रडल्यासारखं दिसतं आणि मरून आजारी. ओठांचा रंग घालवा, निम्मा माणूस तिथेच मरतो. गळ्याला, कानांना आणि हातांना विसरू नका. चेहरा प्रेताचा आणि हात गव्हाळ, असे झॉम्बी मी फार पाहिलेत.

रक्त घरीच होतं. साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोकोशिवाय ते रूहअफजा दिसतं. तोंडात जाणार नसेल तर भांड्यांचा लिक्विड साबण दोन थेंब टाका, डाग काढायला सोपा जातो. एका एकांकिका स्पर्धेत मी हाच पाक एका प्रेताच्या छातीवर भरपूर ओतला होता. दिग्दर्शकानं ते प्रेत रंगमंचावर वीस मिनिटं पडू दिलं. बाराव्या मिनिटाला मुंग्या आल्या. सोळाव्या मिनिटाला प्रेतानं पाय खाजवला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी गुण कापले. तेव्हा ओतायचं ते शॉट लावून झाल्यावर.

उरलेला पैसा आवाजावर घाला. चांगला माइक भाड्यानं आणा. कराडला आहात, ऊस भरपूर आहे. कांडं मोडल्याचा आवाज जवळून रेकॉर्ड करा, हाड मोडल्यासारखा लागतो. ओला टॉवेल पिळा, कलिंगडात मूठ घाला. पण रात्री उसात शूटिंग करायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका. तिथला बिबट्या मेकअप केलेला नसतो.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. मैत्रिणींबरोबर असले प्रेमाचे आणि झॉम्बीचे इंग्रजी सिनेमे बघते. बघू द्यावेत का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, सगळे एका मापाचे नसतात. ‘वॉर्म बॉडीज’ला अमेरिकेत पीजी-१३ होतं, म्हणजे तेराच्या आतल्यांसाठी आईवडिलांना सावधगिरीची सूचना, तेव्हा तुम्ही शेजारी बसून बघायला हरकत नाही. ‘ॲना अँड द अपोकॅलिप्स’ (२०१७) हा स्कॉटलंडचा गाण्यांचा सिनेमा. शाळा, नाताळ आणि झॉम्बी. ब्रिटनमध्ये त्याला १५ चं प्रमाणपत्र आहे, म्हणजे पंधराच्या आतल्यांसाठी नाही, तेव्हा अजून थांबा. रक्तापेक्षाही त्यात जिवाभावाची पोरं एकामागून एक जातात, ते लागतं. ज्याच्या २०१० सालच्या लघुपटावरून तो निघाला, तो रायन मॅकहेन्री २०१५ मध्येच कर्करोगानं गेला, वय अवघं २७. मला तो सिनेमा हे कळल्यावर दुसऱ्यांदा बघवला नाही.

तुमच्याच गावावर आदित्य सरपोतदारांनी ‘झोंबिवली’ केलाय (२०२२), अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी आहेत. त्यात शाळकरी प्रेम नाही, पाणी आहे. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला तो जास्त समजतो. मुलगी दचकली तर दिवा लावा आणि तिला विचारा, यातला कोण तुझ्या वर्गातल्या कोणासारखा दिसतो. माझ्या नातीनं एका दमात पाच नावं सांगितली, त्यात एक सर होते.

प्रश्न : झोंबी, झॉम्बी की झाँबी? नेमकं काय लिहावं?
— निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : गुरुजी, हा शब्द हैतीतल्या वूडू या धर्मपरंपरेतला. गंमत म्हणजे रोमेरोच्या त्या पहिल्या सिनेमात तो उच्चारलाच जात नाही. उच्चाराप्रमाणे ‘झॉम्बी’ जवळचा, म्हणून मी तोच लिहिते. पण ‘झोंबी’ म्हटलं की आपल्याला झोंबाझोंबी आठवते, मिरची झोंबते ती आठवते, आणि अंगाला येऊन चिकटणाऱ्या माणसाला याहून चपखल काय असणार? अडचण एकच. आमच्या लायब्ररीत एक काका ‘झोंबी’ आहे का विचारत आले. ह्यांनी त्यांना एक हिरवट चेहऱ्यांची कॅसेट बांधून दिली. दुसऱ्या दिवशी काका ती परत घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, मला आनंद यादवांची हवी होती, मिसेसना वाचायला.